लाल फडक्यातला राक्षस

"मिळाली का?" शिवांश खालून ओरडला.

"नाही!" माळ्यावरून मंजुश्रीचा आवाज आला. "मेलेला उंदीर मिळालाय. टाकू खाली?"

"टाक की! पुनमच्या डोक्यावर टाक!"

"टाकून तर बग," शिडी धरून उभी असलेली पुनम म्हणाली. "शिडीच काढून घेते. बसा मग वर, पाऊस पडंस्तोर!"

एरवी मंजुश्री खदखदून हसली असती. पण पत्र्याखालचा माळा तव्यासारखा तापला होता आणि सकाळपासून शोधून ती दमली होती. खरं सांगायचं तर लातूरहून निघाली तेव्हाच ती दमलेली होती.

शोधायचं होतं एक पुस्तक. 'नांगराखाली' नावाची, समुद्रातल्या राक्षसाची नवीकोरी कादंबरी. मंजुश्रीच्या आईनं, सिंधूनं, ती लातूरच्या पुस्तक प्रदर्शनात घेतली आणि उदगीरजवळच्या या गावी आपल्या वडिलांना पाठवली. वडिलांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. उन्हाळ्यात जास्तीत जास्त पाणी पाहिलं असेल ते टँकरमधलं! पण पुस्तक हातात पडलं आणि त्याच संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी ते मोठ्यानं वाचायला काढलं. समोर मामेभाऊ शिवांश आणि शेजारची पुनम मांडी घालून बसत. तिकडे लातूरला आई फोन स्पीकरवर ठेवायची आणि खानावळीतल्या पोरांसाठी कणीक मळत ऐकायची. मंजुश्री पोळ्या भाजायची. राक्षस आला की एखादी करपायची.

गोष्टच तशी होती. एक मचवा भरसमुद्रात नांगर टाकून उभा असतो. रोज सकाळी खलाशी बघतात, तर नांगराचा दोर आणखी थोडा खाली गेलेला, मचवा आणखी थोडा कललेला. खालून कुणीतरी दोर ओढतंय! मग एकदा पाण्याखाली एक डोळा उघडतो. परातीएवढा! त्या दिवसापासून शिवांशनं घरच्या टाकीत डोकावायचं सोडलं होतं.

अप्पा पोथी वाचावी तसे वाचत. चार ओळी झाल्या की थांबत आणि फोनकडे तोंड करून म्हणत, "सिंधे, सांग अर्थ." आई लहान होती तेव्हा मठात अप्पा पोथी वाचायचे आणि शेजारी बसून ती अर्थ सांगायची. तीच सवय. आईही कणीक मळता मळता दोन शब्दांत अर्थ सांगून टाकायची. आणि ऐन मोक्याला अप्पा पुस्तक मिटायचे.

"पुढं काय होतं, अप्पा?" सगळे ओरडायचे.

"मला तरी काय ठाऊक? मीबी तुमच्यासंगंच वाचून राहिलोय. उद्या बघू!"

एके दिवशी तो उद्या आलाच नाही. मचव्याचा प्रमुख, म्हणजे तांडेल, कोयता घेऊन दोराजवळ गेला होता. तिथंच गोष्ट थांबली. अप्पा गेले.

आईनं खानावळ बंद ठेवली नाही. पोरांच्या परीक्षा होत्या. फक्त एकदा कणकेतले तिचे हात थांबले. "दोर कोण ओढत होतं, ते राहूनच गेलं," ती म्हणाली. तेवढंच. मग पुन्हा मळायला लागली. त्यानंतर स्वयंपाक करताना तिनं काहीच ऐकलं नाही. गाणीसुद्धा नाही.

म्हणून मंजुश्रीनं ठरवलं होतं. सुट्टीत आईबरोबर मामाच्या गावी जायचं, कादंबरी शोधायची आणि आईला शेवट वाचून दाखवायचा.

"नवी मागवू की ऑनलाइन!" शिवांशनं सुचवलं होतं.

"अप्पांचीच पाहिजे," मंजुश्री म्हणाली होती. का, ते तिला सांगता आलं नव्हतं.

"काय धिंगाणा लावलाय रे?" दारात मल्लिनाथमामा उभा होता. सात दिवस मठातल्या सप्ताहाची धावपळ करून त्याचा आवाज पार बसला होता.

"मामा, अप्पांची पुस्तकं कुठं आहेत?"

"वाचनालयाला दिली. एक न् एक बघून दिली."

"त्यात समुद्राची कादंबरी होती?"

"समुद्र-बिमुद्र काही नव्हतं बाई. सोड आता, महाप्रसादाची वेळ होत आली."

मंजुश्री शिडीवरून उतरली आणि शेवटच्या पायरीवरच थबकली. "शिवांश, अप्पा ती ठेवायचे कशात?"

"लाल फडक्यात! बांधून! म्हणायचे ना, चारचौघांत वाचून ऐकवली की ती पोथी. मग आत देव असो नाहीतर राक्षस!"

"मामा, अप्पांच्या पोथ्या कुठं आहेत?"

"सप्ताहाला दिल्या की. जुन्या पोथ्या आज जीपनं नांदेडला न्यायच्यात, गोदावरीत सोडायला."

"द्यायच्या आधी फडकी सोडून बघितली होती?"

"पोथीचं फडकं उगंच सोडत असतात व्हय? बांधलेल्या होत्या, तशाच दिल्या!" असं म्हणून मामा टॉवेलनं मान पुसत निघून गेला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे राक्षस," शिवांश कुजबुजला, "सात दिवस मठात बसलाय!"

* * *

मठाच्या पटांगणात मंडप होता. शिवनाम सप्ताहाचा आज शेवटचा दिवस. भोंगा आठवडाभर ओरडून घोगरा झाला होता, कूलर गरम वारा फेकत होता आणि खांबांना टेकून बसलेली माणसं टाळ्या वाजवता वाजवता पेंगत होती. समोर चौरंगावर लाल फडक्यातल्या पोथ्यांची रास होती. सगळ्या सारख्या. कुठली कुणाची, काही कळत नव्हतं!

"आता कशी ओळखायची?" शिवांश म्हणाला. "वास घेऊन बघू का?"

"गप!" पुनमनं त्याचा दंड धरला. "ती वरची बगा. हार घातलेली. तिची गाठ बगा."

राशीच्या अगदी वर, सगळ्यात मोठा झेंडूचा हार घालून एक पोथी बसली होती. बाकीच्या पोथ्यांना साधी सुरगाठ. हिची गाठ मात्र गोल वळसे घेतलेली, अंगठ्याएवढी जाड.

"आमच्या म्हशीची गाठ!" पुनम म्हणाली.

"म्हशीची?"

"आगं, खलाशांची! त्या पुस्तकातच चित्र होतं तिचं. कितीबी ओढा, सुटत न्हाई. पण नेमकं टोक धरलं की एका झटक्यात मोकळी. अप्पा रोज दुपारचं आमच्या गोठ्याच्या सावलीला यायचे ना. मांडीवर हे फडकं, नाकावर चष्मा. आमाला वाटायचं, झोपलेत. उठले की म्हशीच्या दाव्याला ह्याच गाठी मारीत बसायचे."

मंजुश्रीनं हात पुढे केला.

"ए पोरी! हात लावू नको!" कोपऱ्यातून नागम्मा कडाडल्या. या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई. "जागृत पोथी हाय ती! चार चार बाप्यांनी गाठ ओढली, सुटली न्हाई. मलप्पा म्हणला, तिच्या मनात न्हाई सुटायचं. म्हणून मानानं सगळ्यात वर ठेवली. मी रोज डोकं टेकवते तिच्यावर. गुडघा लई हलका झाला बग माझा!"

शिवांशनं तोंडात रुमाल कोंबला. त्याचे खांदे गदागदा हलत होते. "राक्षसाला किती भक्त आहेत बघा!" तो रुमालातूनच म्हणाला. पुनमलाही आता राहवेना. "बरं वाटतंय का, आजी?" असं तिनं कसंबसं विचारलं आणि खांबामागे पळाली.

मंजुश्री मात्र सरळ मलप्पांकडे गेली. सप्ताहाची सगळी व्यवस्था मलप्पांकडे होती. उंच, वाळलेले, कपाळावर भस्माचे ठळक पट्टे. गेल्या सात दिवसांत ते धड झोपले नव्हते, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

"शरणार्थ, काका," तिनं हात जोडले. "त्या वरच्या फडक्यात पोथी नाहीये. अप्पांची गोष्टीची कादंबरी आहे. समुद्रातल्या राक्षसाची."

मलप्पा तिच्याकडे बघतच राहिले. "पोथीला गोष्ट म्हणती? अप्पांची नात असून?"

"खरंच, काका. सोडून तर बघा!"

"पारायण झालं, फडकी बांधली. आता सोडायची न्हाईत. नेम म्हंजे नेम. जा, पाणी पी. ऊन लागलंय तुला."

* * *

तिघं चिंचेखाली येऊन बसली. जीप येऊन उभी राहिलीसुद्धा होती.

"आयडिया!" शिवांश उसळला. "माझं भूगोलाचं पुस्तक तेवढंच जाड आहे. ते लाल फडक्यात बांधू. पुनम गाठ मारेल. मी नागम्माआजीला पाणी नेऊन देतो, तेवढ्यात अदलाबदल!"

"आन भूगोल जाईल गोदावरीत?" पुनम म्हणाली.

"जाऊ दे की! वाहत वाहत समुद्र तरी बघेल!"

मंजुश्रीला क्षणभर मोह झाला. इतकं सोपं होतं. मग तिनं मान हलवली. "चोरून आणलेलं आई ऐकणार नाही."

मठामागच्या शेडमध्ये बायका पुऱ्या लाटत होत्या. त्यांच्यामध्ये आई होती. इतक्या माणसांची कणीक मळायची म्हणजे खानावळवालीच पाहिजे, असं म्हणून तिला आल्या दिवसापासून कामाला जुंपलं होतं. आजूबाजूच्या बायका बोलत होत्या, हसत होत्या. आई मान खाली घालून मळत होती. तिच्या मानेवरचा घाम पुसायलाही तिचा हात वर जात नव्हता.

"लई दमलीय ग तुझी आई," पुनम हळूच म्हणाली.

"कामानं नाही दमली," मंजुश्री म्हणाली.

पुनम काडीनं मातीत रेघा ओढत राहिली. "आमची आजी गेली तवाबी असंच. तिची पोथी अर्धी राहिली होती. बापूला लिहिता-वाचता येईना धड, पण बसला अक्षर अक्षर लावीत. म्हणला, अर्धी पोथी पाण्यात सोडत न्हाईत. दोष लागतो."

"काय म्हणालीस?"

"दोष लागतो म्हणलं."

"त्याच्या आधी!"

"अर्धी पोथी पाण्यात सोडत न्हाईत..." पुनमची काडी थांबली. तिघांचेही डोळे मोठे झाले.

"मलप्पाकाका नेमाचे पक्के आहेत ना?" मंजुश्री उठून उभी राहिली. "मग नेम त्यांनाच सांगू दे. आणि माइकवर!"

* * *

कीर्तन संपलं. मलप्पांनी माइक हातात घेतला. "जुन्या पोथ्या उचलायच्या हाईत. तरुण मंडळींनी पुढं यावं."

तरुण मंडळींच्या आधी मंजुश्री पुढे आली. "काका, एक विचारू? पोथीबद्दल आहे."

"विचार की लेकरा." सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार?

"वाचता वाचता पोथी अर्धी राहिली, तर ती गंगेत सोडतात का?"

"छे छे!" भोंग्यातून मलप्पांचा आवाज गावभर गेला. "अर्ध्या पोथीला समाप्ती कराया लागती. घरातल्या माणसानं बसून शेवटपर्यंत वाचाया लागती. मगच सोडायची!"

"मग ती वरची पोथी अर्धी आहे, काका. अप्पा वाचत होते. मध्येच गेले."

मंडपातली चुळबूळ थांबली. अप्पांना सगळे ओळखत होते. मलप्पांनी हाराकडे पाहिलं, मग मंजुश्रीकडे. त्यांच्याच शब्दांनी त्यांना बांधून टाकलं होतं.

"पण गाठ सुटत न्हाई तिची," ते म्हणाले.

"सुटती की!" पुनम पुढे झाली. तिनं हार बाजूला ठेवला, गाठीचं नेमकं टोक चिमटीत धरलं आणि एक झटका दिला. फडकं आपोआप उलगडलं.

आत कादंबरीचं मुखपृष्ठ. त्यावर काळं पाणी. त्यात परातीसारखा गोल पिवळा डोळा. आणि डोळ्याभोवती वळवळणारे हात!

"अगं आई गं!" नागम्मांचा हात कपाळावर गेला. "आन मी रोज ह्याच्या पाया पडून राहिले व्हय!"

आधी कुणीतरी फस्सकन हसलं, मग सगळा मंडप हसायला लागला. कीर्तनकार महाराजांनी पदर धरावा तसं उपरणं तोंडाला लावलं. "आजी, गुडघा बरा झाला ना? मग त्याला नावं ठेवू नका!"

मल्लिनाथमामा मात्र गर्दीत मान खाली घालून उभा होता. मलप्पांचा चेहरा लाल झाला. "ही पोथी न्हाई!"

"अप्पा म्हणायचे, चारचौघांत वाचून ऐकवली की ती पोथी," मंजुश्री म्हणाली. "आणि अप्पांनी ती ऐकवली होती. आम्हाला. माझ्या आईला. फोनवरून, रोज. थोडीच राहिली आहे, काका."

अप्पांच्या शेजारी बसून मलप्पांनी स्वतः कितीतरी सप्ताह वाचले होते. त्यांनी पोथी ठेवायचं छोटं लाकडी व्यासपीठ उचललं, तिच्यासमोर आणून ठेवलं आणि माइक खाली वाकवला.

"बस. नेम म्हंजे नेम. समाप्ती कर."

तिनं पुस्तक उघडलं आणि तिला अप्पा दिसले. पानांच्या कडेला पांढरे ठसे होते. उन्हाळ्यात कपाळावरचा घाम पुसायची अप्पांची सवय. कपाळावरचं भस्म अंगठ्याला लागायचं आणि अंगठा पानाला. एक पान, एक ठसा. कोयत्याचं पान सापडलं. तिथंही ठसा होता. आता याच्यापुढच्या पानांवर ठसे नसणार. तिनं वाचायला सुरुवात केली.

तांडेलानं दोराला हात लावला. दोर तारेसारखा ताठ झाला होता. खालून पुन्हा हिसका आला, मचवा कलला, खलाशी ओरडले. मंडपातली पेंगणारी माणसं आता सावरून बसली. समुद्र त्यांच्यातल्या फारच थोड्यांनी पाहिला होता. वाढप्यांनी बादल्या खाली ठेवल्या.

मंजुश्रीनं पान उलटलं आणि ती वाचायची थांबली. या पानाच्या कडेलाही पांढरा ठसा होता.

तिनं पुढचं पान उलटून पाहिलं. ठसा. त्याच्या पुढचं. ठसा!

"काय झालं ग?" पुनम कुजबुजली.

"काही नाही," मंजुश्री म्हणाली आणि वाचत राहिली. डोळा वर आला. वर, आणखी वर. अंगाभोवती नांगराचा दोर गुंडाळला गेलेला, नांगर मांसात रुतलेला. ते जनावर दोर ओढत नव्हतं, दोरातून सुटायला धडपडत होतं! तांडेलानं कोयता उचलला आणि दोरावर घाव घातला. मचवा सरळ झाला. पाणी बराच वेळ हलत राहिलं आणि मग शांत झालं.

तिथं मंजुश्री थांबली. इथं अर्थ विचारायला अप्पा थांबले असते. माइक नुसताच घुमत राहिला.

"म्हणजे..."

शेडच्या दाराशी आई उभी होती. कोपरापर्यंत पीठ. बोलायची सवय मोडल्यासारखा तिचा आवाज आला. "म्हणजे त्याला मचवा बुडवायचा नव्हताच. दोघं एकमेकांना अडकले होते. गाठ सोडता आली असती, तर बरं झालं असतं. पण ओली गाठ सुटत नाही. म्हणून कापावी लागली."

"म्हणजे राक्षस वाईट नव्हता?" शिवांश ओरडला. "आणि मी इतके दिवस टाकीतलं पाणी पण डोळे मिटून काढत होतो!"

मंडप पुन्हा हसला. आई पुढे आली आणि पूर्वी अप्पांशेजारी बसायची तशी व्यासपीठाच्या बाजूला मांडी घालून बसली. मंजुश्रीनं शेवटचं पान वाचलं आणि पुस्तक तिच्यापुढे धरलं.

"आई, हे बघ."

शेवटच्या ओळीच्या शेजारी पांढरा अंगठा होता. इतर सगळ्यांपेक्षा ठळक.

"अप्पांनी पूर्ण वाचली होती," मंजुश्री म्हणाली. "दुपारी. गोठ्याच्या सावलीत. रोज पुढचं आधी वाचून ठेवायचे! आणि आपल्याला सांगायचे, मला तरी काय ठाऊक!"

आईनं पिठाचा हात पदराला पुसला. मग तिनं आपला अंगठा त्या ठशावर टेकवला. "खोटारडे," ती म्हणाली. "लबाड कुठले!" ती हसली आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. या वेळी तिनं ते थांबवलं नाही. मंजुश्री तिला टेकून बसली. किती दिवसांनी खांदे सैल सोडून.

मल्लिनाथमामा जवळ आला. "चुकलंच माझं, सिंधूताई. फडकं सोडून बघायला हवं होतं." त्यानं भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. "शोध तर खरा लावला पोरांनी!"

"आन रीतीनं लावला," मलप्पा म्हणाले. "चोरी न्हाई, भांडण न्हाई. माझाच नेम माझ्या तोंडून वदवून घेतला! अप्पांची नात शोभते." मग त्यांनी घसा साफ केला. "पण आता समाप्ती झाली. नेमानं ही पोथी..." ते जीपकडे पाहून थांबले.

आईचा हात पुस्तकावर घट्ट झाला.

"थांबा!" शिवांश उठून उभा राहिला. "तिसऱ्या अध्यायाला मी झोपलो होतो! पूर्णच्या पूर्ण! मी अजून ऐकलेलाच नाही!"

"झोपला होतास?" मलप्पांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "नक्की?"

"घोरत व्हता!" पुनमनं साक्ष दिली.

मलप्पांनी लाल फडकं उचललं, झटकलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

"म्हंजे अर्धीच हाय की अजून," ते म्हणाले. "घेऊन जा घरी. आन पंगतीला बसा आधी, गव्हाची गोड हुग्गी थंड होऊन राहिली."

आईनं पुस्तक फडक्यात ठेवलं. चारी टोकं वर घेतली आणि गाठ मारायला गेली. पहिल्यांदा चुकली.

"असं न्हाई, मावशी," पुनम म्हणाली. "इकडून वळसा. म्हशीला मारतो तसा."